वॉन्टनच्या वाडग्यातला खार

हाँगकाँगमध्ये कामावरून उशिरा घरी आलेल्याचं जेवण पंधरा मिनिटांत होऊ शकतं: फ्रीझरमधले डुकराच्या खिम्याचे वॉन्टन, बारीक पिवळ्या नूडल्स, गरम सूप. नूडल्समध्ये बहुधा अंडं असतं, पण पिवळेपणा सगळा त्याचा नव्हे. पीठ मळताना सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट घालतात. आपल्या पापडखाराचेच हे भाऊबंद. खारामुळे मैद्यातली एरवी रंगहीन फ्लेव्होनॉइड्स पिवळी होतात आणि ग्लुटेनची वीण घट्ट होते. म्हणून या नूडल्स दाताखाली लवचिक लागतात.

वॉन्टन गोठलेलेच उकळत्या पाण्यात सोडावेत. आधी वितळू दिले तर पारी ओलसर होऊन फाटते. ‘तरंगले की शिजले’ हा ठोकताळा मला धोक्याचा वाटतो. आतली हवा आणि वाफ फुगली की ते वर येतात, खिमा कच्चा असला तरी! डुकराचा खिमा मध्यभागी ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवा, तेव्हा आणखी दोनेक मिनिटं थांबावं. शंका असल्यास एक फोडून बघावा.

नूडल्स वेगळ्या पाण्यात, जेमतेम मिनिटभर. मग गार पाण्याखाली धरल्या की सुटा स्टार्च निघून जातो. पुन्हा गरम पाण्यात बुचकळायच्या. वाडग्यात वॉन्टन खाली, नूडल्स वर: सूपात बुडून त्या मऊ पडू नयेत म्हणून.