नक्षल संघर्षातील मृत्यूंची नोंद कशी होते?

सशस्त्र संघर्षात मारल्या गेलेल्या माणसाची नोंद करताना चार गोष्टी ठरवाव्या लागतात: त्याची ओळख, मृत्यूचे ठिकाण व वेळ, मृत्यूचे कारण आणि तो लढणाऱ्यांपैकी होता की सामान्य नागरिक. गडचिरोली जिल्हा 1980च्या दशकापासून नक्षल हिंसाचार सोसत आला आहे. तिथे खरा वाद होतो तो चौथ्या गोष्टीवर.

नक्षलवाद्यांनी ‘पोलिसांचा खबऱ्या’ ठरवून गावकऱ्याला मारले, तर नोंद तुलनेने सरळ असते. मृतदेहाजवळ अनेकदा हत्येची कबुली देणारे पत्रकच सापडते. पोलीस गुन्हा नोंदवतात, पंचांसमक्ष पंचनामा होतो, नातेवाईक ओळख पटवतात आणि शवविच्छेदनातून कारण कळते. सरकारी आकडेवारी अशा नोंदींवर उभी राहते. दिल्लीचे ‘साउथ एशिया टेररिझम पोर्टल’ मुख्यतः बातम्यांवरून वेगळी मोजणी करते. त्यामुळे दोन्ही आकडे जुळतातच असे नाही.

चकमकीत पोलीस स्वतःच एक पक्ष असतात. एप्रिल 2018 मध्ये गडचिरोलीतील कसनासूर परिसरात आणि अन्यत्र झालेल्या चकमकींत मिळून 40 नक्षलवादी ठार झाल्याचे पोलिसांनी जाहीर केले. बरेच मृतदेह इंद्रावती नदीतून काढावे लागले. गट्टेपल्ली गावातील काही कुटुंबांचे म्हणणे होते, की आपली मुले लग्नाला निघाली होती. पोलिसांच्या मते ती नक्षलवाद्यांत सामील झाली होती.

अशा वेळी पडताळणी कशी व्हावी, हे सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 रोजी महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सांगितले. गुन्हा नोंदवणे, सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून तपास, दोन डॉक्टरांकडून शवविच्छेदन व त्याचे चित्रीकरण, आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी ही त्यातली मुख्य कलमे. स्वतंत्र चौकशीने काय फरक पडतो, ते शेजारच्या छत्तीसगडमध्ये दिसले. जून 2012 मध्ये सारकेगुडा येथे 17 जण मारले गेले. ते माओवादी (नक्षलवादी) असल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष न्यायमूर्ती व्ही. के. अग्रवाल आयोगाने काढला; पण तो अहवाल 2019 मध्ये उजेडात आला.

एकेका मृत्यूची नावानिशी पडताळणी का महत्त्वाची, हे बोस्नियाच्या उदाहरणातून कळते. तिथल्या 1992-95च्या युद्धात 2 लाख माणसे मेल्याचे सर्रास सांगितले जाई. सारायेव्होतील संशोधकांनी एकेक नाव तपासले, तेव्हा संख्या सुमारे 1 लाख निघाली. आकडा उतरला, पण प्रत्येक मृत्यूमागे नाव आल्याने तो नाकारणे अवघड झाले.

चकमकीच्या दिवशी जाहीर होतो तो दावा असतो. नाव, पंचनामा, शवविच्छेदन आणि स्वतंत्र चौकशी यांचा मेळ बसल्यावरच त्याला नोंद म्हणता येते.