यादीबाहेरचा महादेव

१० जुलै २०२४ला सकाळी सव्वासातच्या सुमारास जमीन हलली. ४.५ रिश्टर, केंद्र आमच्याच कळमनुरी तालुक्यात, रामेश्वर तांड्याला. मार्चमधला धक्काही तेवढाच, जांबजवळचा. चहा तसाच ठेवून मी गावाबाहेरच्या महादेवाकडे गेलो. मंडपाच्या तुळईला तडा, करंगळी जाईल एवढा. नवा की जुना? सांगणार कोण? देऊळ संरक्षित यादीत नाही, त्यामुळे कुणी त्याचं माप घेतलं नाही की फोटो काढला नाही.

निजामानं १९१४ला पुरातत्त्व खातं काढलं, त्या खात्याच्या यझदानींनी अजिंठ्याची चित्रं जपली, पुढे १९६०चा राज्याचा कायदा आला. त्यातून झालेल्या संरक्षित वास्तूंच्या याद्यांचं आमच्या गावाला सोयरसुतक नव्हतं.

बिघडलं ते ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपानंतर. किल्लारीत गणपती बोळवून माणसं झोपली आणि दगडी भिंतींखाली गेली. हजारोंनी गेली. त्या धसक्यानं आमच्याकडं माळवदं उतरली. किल्लारीतल्या भिंती मातीत रचलेल्या, वर मातीचंच ओझं; खरा घात त्यानं केला. पण 'दगड वाईट' हे वाक्य तेवढं गावोगाव पोचलं. ते छातीठोक सांगणाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही. त्याच भरात गढीची पांढरी माती ट्रॅक्टरनं गेली, नळ आल्यावर बारवेत कचरा पडला, वीरगळ शेंदूर फासून देव झाला, एक तर पाय धुवायला पालथा घातला. आणि हेमाडपंती महादेव? चुन्याशिवाय नुसता दगडावर दगड बसवलेला. तो सगळं बघत उभा. त्याला सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट.

१ मे १९९९ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. वाटलं, साहेब जवळ आले. अर्ज केला. पाच महिन्यांनी एक ओळ आली: 'सदर वास्तू यादीत नसल्याने कार्यवाही करता येत नाही.' यादीत घ्या, हाच तर अर्ज होता!

२०२४च्या धक्क्यानंतर मात्र कुणाची वाट पाहिली नाही. तड्यावर आडवी काचपट्टी चिकटवली, खडूनं तारीख घातली. तडा वाढला तर काच फुटेल. दर सोमवारी बघून यायचो. श्रावणाआधी देवळाच्या कमिटीनं रंगकाम काढलं. पट्टीवरून, तारखेवरून भगव्याचे दोन हात फिरले. रंगारी म्हणाला, "काका, फट होती तिथं, लांबी भरून टाकली."