‘करून पाहणे’ आणि ‘काम आटोपणे’ : कोकणातील निवासपर्यटनाचा एक भाषिक विचार

दक्षिण कोकणातील एखाद्या घरी पैसे देऊन चार दिवस राहावयास आलेला पुण्या-मुंबईचा मनुष्य परतल्यावर आपला अनुभव सांगू लागला, म्हणजे त्याच्या बोलण्यात एक विशिष्ट क्रियापदरचना वारंवार येते : ‘भात लावून पाहिले’, ‘रापण ओढून पाहिली’, ‘आंबा उतरवून पाहिला’. घरची माणसे त्याच कृतींविषयी ‘लावणी आटोपली’, ‘रापण ओढली’ असे म्हणतात. धातूच्या ऊन-प्रत्ययान्त रूपापुढे ‘पाहणे’ आले, की नेत्रांनी पाहण्याचा अर्थ मागे पडतो व प्रयोगाचा, परीक्षेचा अर्थ पुढे येतो. कृती घडते, परंतु तिच्या फलाची जबाबदारी कर्त्याकडे राहत नाही. या पर्यटनात देशी पर्यटकाला काय लाभते आणि काय लाभत नाही, याचा पुष्कळसा उलगडा या एका संयुक्त क्रियापदावरून होण्यासारखा आहे.

सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटनजिल्हा म्हणून घोषित झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला, आणि २०२० मध्ये राज्य शासनाने कृषिपर्यटनाचे धोरण स्वीकारले. या वाटचालीत ‘काम’ या शब्दाच्या जागी ‘उपक्रम’ व ‘अनुभव’ हे शब्द रूढ झाले. शब्द बदलला तरी चिखल बदलत नाही, हे लावणीच्या दिवसांत तत्काळ ध्यानात येते.

लावणीचा तरवा उपटून, त्याच्या मुठी बांधून, चिखलणी केलेल्या खाचरात रोपे लावावयाची असतात. रोप फार खोल गेले तर त्याला फुटवे कमी येतात. अंतर चुकले तरी पीक बिघडते. म्हणून पाहुण्याला बहुधा बांधाजवळचा एखादा कोपरा दिला जातो, आणि तो जेवावयास गेल्यावर घरची बाई ती ओळ निमूटपणे नीट करते. पाहुण्याच्या आनंदाला याने बाध येत नाही. मात्र त्याने ‘लावून पाहिले’ एवढेच खरे. ‘लावणी केली’ असे म्हणता येणार नाही.

रापणीची गोष्ट वेगळी आहे. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे समुद्रात सोडावयाचे व त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून दोन रांगांनी ओढावयाची, ही ती पद्धत. येथे नवख्याच्या हाताने काही बिघडत नाही, कारण ओढ सामुदायिक असते. दोरीला लागलेले दोन अधिक हात खरोखरच उपयोगी पडतात. तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर आलेल्या पर्यटकांना हीच कृती विशेष स्मरणात राहावी, यात नवल नाही. ‘पाहणे’ आणि ‘करणे’ यांतील अंतर येथे जवळजवळ मिटते. जवळजवळ म्हणावयाचे कारण असे, की मासळीचे वाटे पडतात तेव्हा तो पुन्हा प्रेक्षक होतो. जाळे रिकामे आले तर त्याची हौस तेवढी हिरमुसते. रापणकरांचा दिवस बुडतो.

शब्दसंपत्तीच्या दृष्टीने उन्हाळ्यातील स्वयंपाकघर व अंगण ही दोन स्थळे अधिक मोलाची होत. शहरी मनुष्य ‘कोकम’ हा एकच शब्द घेऊन येतो. येथे त्याला झाडावरचे फळ ‘रातांबा’ म्हणून भेटते. त्याची साल रसात पुनःपुन्हा बुडवून उन्हात वाळवली म्हणजे ‘आमसूल’ वा ‘सोल’ होते. मीठ घालून टिकवलेला रस ‘आगळ’. आणि बियांपासून काढलेले, पायांच्या भेगांना लावावयाचे घट्ट तेल ‘मुठेल’. हे शब्द कृतीच्या क्रमाने येत असल्यामुळे ते स्मरणात राहतात. कोशात ते अकारविल्हे विखुरलेले असतात.

यजमानाच्या भाषेचाही विचार करावयास हवा. घरात मालवणी चालते, पाहुण्याशी प्रमाण मराठी. गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ नाटकाने आणि त्यातील मच्छिंद्र कांबळी यांच्या भूमिकेने मालवणी महाराष्ट्रभर पोहोचली खरी. पण त्यामुळे ती विनोदाची भाषा होय, असाही समज पसरला. ‘जरा मालवणीत बोला ना’ अशी फर्माईश करणारा पर्यटक हसण्याच्या तयारीनेच बसलेला असतो. बैल आजारी असल्याचे सांगणाऱ्या म्हाताऱ्याचे बोलणे त्याला गमतीचे वाटले, तर तो दोष म्हाताऱ्याचा नव्हे. भाषा हा ‘उपक्रम’ झाला, की तिच्यातील आशय ऐकू येईनासा होतो.

‘पाहुणा’ हा शब्द संस्कृत ‘प्राघुण’पासून प्राकृतमार्गे आला. ‘पाहणे’ या क्रियापदाशी त्याचा व्युत्पत्तीचा संबंध नाही, यद्यपि या संदर्भात तसा भास होतो. पाहुण्याकडून पैसे घेणे हे या शब्दाच्या जुन्या अर्थात बसत नाही; त्यामुळे हिशेबाच्या वेळी यजमान घुटमळतो आणि पुष्कळदा ते काम शिकलेल्या मुलाकडे सोपवतो. ‘गिऱ्हाईक’ हा शब्द मात्र तो पाहुण्यासमोर उच्चारीत नाही.

सर्वांत अवघड स्थिती चाकरमान्यांच्या तिसऱ्या पिढीची आहे. आजोबांचे घर बंद, छप्पर खचलेले. म्हणून नातू शेजारच्या गावी भाडे देऊन उतरतो. त्याला मालवणी समजते, बोलता येत नाही. लावणीच्या खाचरात तो उतरला, म्हणजे घरची वृद्धा त्याला प्रथम विचारते, ‘तू खयचो?’ आणि तो आपल्या गावाचे नाव सांगतो, मुंबईचे नव्हे.