कलम २६ची वाट

महाराष्ट्रात १९८९ साली पुण्यात आणि मुंबईत कौटुंबिक न्यायालये सुरू झाली, ती मोडणारे संसार सावरता आले तर पाहावे म्हणून. या न्यायालयांच्या १९८४च्या मूळ कायद्याचे कलम ९ न्यायाधीशांना आधी समेटाचा प्रयत्न करायला सांगते, त्यासाठी न्यायालयातच विवाह समुपदेशक असतात. रुसवेफुगवे आणि पैशांचे वाद मिटवायला ही रचना चांगलीच आहे. पण जिला घरात मार बसतो, तिला मारणाऱ्याशेजारी बसवून ‘तुमची तक्रार काय?’ असे विचारले तर ती खरे सांगणार कशी? रात्री त्याच घरात परतायचे असते. समुपदेशकाने तिच्याशी आधी एकटीशी बोलायलाच हवे.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ला लागू झाला. त्याखालचा अर्ज एरवी दंडाधिकाऱ्यांपुढे जातो. मात्र घटस्फोटाचा किंवा पोटगीचा दावा कौटुंबिक न्यायालयात चालू असेल, तर कलम २६मुळे संरक्षणही तिथेच मागता येते. दोन कोर्टांच्या तारखा आणि तीच कहाणी दोनदा सांगणे टळते.

मिळते काय? मारहाणीला मनाई, तिच्या नोकरीच्या जागी जायला मनाई, फोन करायलाही मनाई. पोटगी, नुकसानभरपाई, मुलांचा तात्पुरता ताबा. आणि सगळ्यांत मोलाचे म्हणजे छप्पर. ‘घर माझ्या बापाचं आहे, चालती हो’ ही धमकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कलम १७ सांगते, घर कोणाच्याही नावावर असो, नांदत्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. सासऱ्याच्या मालकीचे घरही त्यात येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सतीश आहुजा खटल्यात स्पष्ट केले. गरज पडली तर नवऱ्यालाच घराबाहेर राहण्याचा आदेश होतो. धोका तातडीचा असेल तर तिच्या शपथपत्रावर एकतर्फी अंतरिम आदेशही देता येतो.

अडते ते कागदाबाहेर. घटनेचा अहवाल लिहिणारा, तिला वकील आणि निवारा मिळवून देणारा संरक्षण अधिकारी या कायद्याचा कणा आहे. तरीही जिल्हा-तालुका पातळीवर असे अधिकारी नेमा, असे राज्यांना बजावण्याची वेळ मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयावर आली. कायदा लागू होऊन तेव्हा अठरा वर्षे उलटली होती. ही दिरंगाई अक्षम्य आहे.

तुमच्या ओळखीत कोणी हे सोसत असेल, तर तिला ‘सांभाळून घे’ म्हणू नका. दवाखान्याचे कागद जपून ठेवायला सांगा, १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक द्या आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात घेऊन जा. स्त्रीला तिथे वकील मोफत मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो.