शेवटी जाणाऱ्याने दिवा मालवावा

आमच्या वसतिगृहाच्या अभ्यासिकेत दाराशी एक पाटी आहे : 'शेवटी जाणाऱ्याने दिवा मालवावा.' पाटी साधीच, पण तिच्यात एक अडचण आहे. पुस्तकांच्या कपाटांमुळे सारी खोली दिसत नाही. मग आपण शेवटचे आहोत हे जाणारीला कळावे कसे? म्हणून मावशींनी दाराशी वही ठेवली. येणारीने नाव लिहायचे, जाणारीने ते खोडायचे. वहीत एकही नाव उरले नाही की मावशी दिवा मालवतात. संगणकाच्या पोटातही अशीच एक वही असते, हे मला गेल्या वर्षी कळले. कला शाखेच्या मुलीने हे सांगावे याचे काहींना नवल वाटेल. पण त्याला कारण घडले ते असे.

वडिलांनी दोन शेळ्या विकून मला एक जुना लॅपटॉप घेऊन दिला. सुट्टीत गावी वीज गेली आणि निबंध अर्धा असतानाच बॅटरी संपली. मी तर नुसती लिहीत होते. मग एवढी वीज खाल्ली कोणी? हा प्रश्न काही केल्या मनातून जाईना. लॅपटॉपवर लिनक्स होते. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहायला घेतला. तो सारा मजकूर कोणालाही वाचायला खुला आहे. शब्दकोश शेजारी ठेवून मी त्यातली माहितीपत्रे वाचू लागले.

संगणकाला कॅमेरा, माऊस, ध्वनियंत्र असे अनेक अवयव असतात. प्रत्येक अवयवाशी बोलणारा कर्नलमधला कार्यक्रम म्हणजे ड्रायव्हर. झाकण मिटले की सारा संगणक झोपतो, हे आपण पाहतोच. पण संगणक जागा असताना, ज्याला काम नाही तेवढ्याच अवयवाला झोपवता येते. या व्यवस्थेला 'रनटाइम पॉवर मॅनेजमेंट' म्हणतात. राफाल विसोत्स्की यांनी तिची सर्व ड्रायव्हरांना लागू पडणारी चौकट रचली आणि २००९ साली ती लिनक्समध्ये आली.

तिचे सूत्र म्हणजे मावशींची वही. अवयव वापरण्यापूर्वी ड्रायव्हर एक आकडा वाढवतो, काम झाले की कमी करतो. आकडा शून्यावर आला की अवयव झोपायला मोकळा. तरीही त्याला लगेच झोपवत नाहीत, कारण झोपवण्या-उठवण्यालाही वेळ आणि वीज लागते. यूएसबीच्या अवयवांसाठी लिनक्स साधारणपणे दोन सेकंद वाट पाहते. झोपण्याआधी ड्रायव्हर अवयवाची स्थिती टिपून ठेवतो आणि जागे करताना ती पुन्हा भरतो, म्हणजे काम होते तिथून पुढे चालू होते.

आणखी एक नियम मला फार आवडला. अवयवांमध्ये आईबाप आणि मुले असे नाते मानलेले आहे. यूएसबीच्या एका हबला चार उपकरणे जोडली असतील, तर ती चारही झोपल्याशिवाय हब सहसा झोपत नाही. आणि त्यांतल्या एकाला उठायचे असेल, तर आधी हबला उठावे लागते.

आता चूक कुठे होते ते पाहू. समजा, एक मुलगी आली, नाव लिहिले, पण दिवाच लागेना. ती वैतागून परत गेली. अभ्यास झालाच नाही, मग नाव काय खोडायचे, असे तिला वाटले. वहीत नाव तसेच राहिले. पुढे दिवा दुरुस्त झाला आणि रात्रभर रिकाम्या खोलीत जळत राहिला. लिनक्समध्ये नेमके हेच घडत असे. अवयवाला जागे करण्याची एक आज्ञा अशी आहे, की अवयव जागा झाला नाही तरी आकडा वाढलेलाच राहतो. अनेक ड्रायव्हर-लेखक अपयश आले की तसेच परतत, आणि आकडा पुन्हा शून्यावर येतच नसे. २०२० साली एक नवी आज्ञा आली. ती अपयश आल्यास आपली नोंद आपणच खोडते.

माझ्या लॅपटॉपचे काय झाले? बोटाचा ठसा वाचणारा एक अवयव, जो मी कधीच वापरला नव्हता, सतत जागा असल्याचे आढळले. काही उपकरणे झोपली की नीट उठत नाहीत, म्हणून हब सोडून बहुतेक यूएसबी उपकरणांना लिनक्स आपण होऊन झोपवत नाही. तशी परवानगी द्यावी लागते. मी ती दिली. दोन-तीन सेकंदांत 'जागा'च्या जागी 'निद्रिस्त' अशा अर्थाचा शब्द आला. यातून वाचलेली वीज थोडीच असेल. बॅटरीही जुनीच आहे. पण आपल्या प्रश्नाचे उत्तर आपण शोधू शकतो, हे मला त्या रात्री प्रथमच कळले. आमच्या घरात मला हे सांगणारे कोणी नव्हते.

हबचा तो नियम मी आईला सांगितला. सर्वांच्या शेवटी निजायचे आणि सर्वांच्या आधी उठायचे. ती हसली आणि म्हणाली, "यात नवीन ते काय?" मी गप्प झाले. यंत्राच्या विश्रांतीचा हिशेब ठेवणारी माणसे जगात आहेत. आईच्या वहीतली नावे कोणी खोडायची? त्यातले एक नाव तर माझेच आहे.

— द्वितीय वर्ष, कला