कॉलेज सुटलं तरी वर्ष वाया जात नाही, पण कागद पूर्ण करा!

दिवाळे (नवी मुंबई) : बेलापूरला खेटून असलेल्या दिवाळे कोळीवाड्याच्या आसपास कॉलेजं भरपूर आहेत. तरी घरची होडी सांभाळणाऱ्या पोराला तिथे टिकणं अवघड जातं. कारण साधं आहे. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, लेक्चरची वेळ मात्र हलत नाही. मग 75 टक्के हजेरी भरायची कशी? त्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. म्हणजे हातात पैसा नसतो, नेमकी तेव्हाच फी भरायची वेळ येते.

पूर्वी पदवी अर्धवट सुटली की बारावीच्या मार्कशीटवरच राहावं लागे. आता दोन वाटा आहेत.

मध्येच थांबण्याची सोय

नवीन शैक्षणिक धोरणानुसार यूजीसीने डिसेंबर 2022 मध्ये पदवीचा आराखडा दिला. त्यात पहिल्या वर्षाची 40 क्रेडिट आणि सुट्टीतला 4 क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स पूर्ण करून थांबलं तर प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांनी थांबलं तर याच पद्धतीने पदविका. तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो, मात्र पदवी एकूण सात वर्षांत पुरी करावी लागते.

पण नुसतं कॉलेजला जायचं बंद केलं तर काही मिळत नाही. पेपर सुटलेले हवेत, कॉलेजात अर्ज द्यायला हवा आणि क्रेडिट एबीसी खात्यात जमा झाली का ते बघायला हवं. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत क्रेडिटचा आकडा थोडा वेगळा असू शकतो, तो कॉलेजात विचारून घ्यावा.

घरी राहून पदवी

दुसरी वाट मुक्त विद्यापीठाची. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे. पुस्तकं घरी वाचायची, ठरलेल्या दिवशी अभ्यास केंद्रावर जायचं आणि परीक्षा द्यायची. यूजीसीची मान्यता असलेल्या कोर्सची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. प्रवेशाआधी त्या कोर्सची मान्यता यूजीसीच्या वेबसाइटवर तपासावी. एजंटच्या तोंडी शब्दावर पैसे भरू नयेत.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. जिथे पदवीची अट आहे, त्या नोकरीला किंवा स्पर्धा परीक्षेला ते चालत नाही. ते परत येण्यासाठी उघडं ठेवलेलं दार आहे, आणि त्या दाराला मुदत आहे.