मागे राहणाऱ्याला पेलेल असे घर

नागपुरातल्या अनेक घरांत हा विषय दिवाळीत निघतो. मुले पुण्याहून, बंगळुरूहून, परदेशातून आलेली असतात. लक्ष्मीनगर, धरमपेठ, प्रतापनगर किंवा महालातल्या घराची गच्ची गळत असते, जिना चढताना आईचा गुडघा दुखत असतो आणि दोघांना पुरून उरतील एवढ्या खोल्या रिकाम्या पडलेल्या असतात. मग कुणीतरी म्हणते, "हे विकून टाकू. बेसा, मनीषनगर नाहीतर वर्धा रोडला लिफ्टवाली चांगली फ्लॅट स्कीम बघू." त्यावर बाबा म्हणतात, "चाळीस वर्षे इथे काढली, आता कुठे जायचे?" बोलणे भावापर्यंत येऊन थांबते, सुट्या संपतात आणि मुले परत जातात. पुन्हा विषय निघतो तेव्हा पुष्कळदा आईचे खुब्याचे हाड मोडलेले असते, आणि इतका मोठा निर्णय वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून दोन दिवसांत घ्यावा लागतो.

जुनी वस्ती की नवी, हा प्रश्न एरवी चौरस फुटांचा भाव, पार्किंग आणि मेंटेनन्स यावर सोडवला जातो. साठीनंतर मात्र घराचा पत्ता हा तब्येतीचाही भाग होतो. पडणे, उन्हाचा तडाखा, एकटेपणा आणि वेळेवर न मिळालेले उपचार या चारही गोष्टींत आपण कुठे राहतो याने फरक पडतो.

आपोआप झालेली वसाहत

निवृत्तांसाठी मुद्दाम बांधलेल्या वसाहती आता आपल्याकडेही होत आहेत. पण काही वसाहती कुणी न बांधता तयार होतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे मायकेल हंट यांनी १९८०च्या दशकात अशा वस्त्यांचा अभ्यास केला आणि त्यांना 'आपोआप घडलेली निवृत्तांची वसाहत' अशा अर्थाचे नाव दिले. तरुण कुटुंबे राहायला येतात, मुले शिकून बाहेर पडतात आणि आईवडील तिथेच म्हातारे होतात. नागपूर सुधार प्रन्यासच्या जुन्या ले-आउटमधल्या कितीतरी गल्ल्या आज अशाच झाल्या आहेत.

अशा गल्लीचा फायदा मोठा असतो. दूधवाला, किराणावाला, औषधाचे दुकान आणि जुने डॉक्टर सगळ्यांना घर माहीत असते. सकाळी फिरायला जाणारा एखादा गृहस्थ दोन दिवस दिसला नाही तर कुणीतरी फाटक वाजवते. नव्या स्कीममध्ये लिफ्ट असते, वॉचमन असतो, रॅम्प असतो. पण शेजाऱ्याचे नाव कळायलाच वर्ष जाते.

आपल्या ओळखीची जुनी गल्ली आज तशीच उरली आहे का, हेही पाहायला हवे. शेजारचे दोन बंगले कुलूपबंद असतील, समोरचे काका गेले असतील आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या जागी मोबाइलचे शोरूम आले असेल, तर आठवणीतली वस्ती आणि आजची वस्ती वेगळ्या आहेत. निर्णय आजच्या वस्तीवरून करावा.

आधी घराच्या आत पाहा

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, आणि त्यात वृद्ध सर्वाधिक असतात. खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांत व्हायला हवी. ती झाली तरी साधारण पाचांतला एक वृद्ध रुग्ण वर्षभरात दगावतो, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना पूर्वीसारखे चालता येत नाही. म्हणून पडू न देणे हाच यावरचा खरा उपचार आहे.

जुन्या घरांत उंच उंबरठे, एका खोलीतून दुसरीत जाताना मधेच येणारी पायरी, कठडा नसलेला अंधारा जिना आणि आवारात दूर असलेला संडास अशा अडचणी असतात. नव्या फ्लॅटमध्ये त्या नसतात, पण गुळगुळीत चकचकीत फरशी असते. ओल्या पायाने तिच्यावर पडायला क्षणही लागत नाही. लिफ्ट असते, पण लाईट गेल्यावर ती जनरेटरवर चालते का, हे फ्लॅट बघताना फारसे कुणी विचारत नाही.

या तपासणीसाठी एक तयार मोजपट्टी उपलब्ध आहे. ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांना महारेराने मे २०२४ मध्ये किमान निकष घालून दिले. एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट, ९०० मिलिमीटरहून रुंद दारे, १५०० मिलिमीटर रुंद जिना, त्याला दोन्ही बाजूंनी कठडा, एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नाहीत, न घसरणारी फरशी, बाथरूममध्ये धरायला दांडे आणि व्हीलचेअरसाठी रॅम्प, असे त्यांचे स्वरूप आहे. हे निकष अशा प्रकल्पांसाठी असले तरी टेप घेऊन आपल्या जुन्या घरालाही लावून पाहता येतात. दांडे बसवणे, उंबरठा काढणे, पलंगापासून संडासापर्यंत रात्री दिवा ठेवणे ही कामे थोड्या खर्चात होतात. लिफ्ट नसलेल्या इमारतीतला तिसरा मजला मात्र कोणत्याही दुरुस्तीने खाली येत नाही.

मे महिन्यात घर बघा

फ्लॅट बघायला लोक हिवाळ्यात जातात. नागपूरकराने तो मे महिन्यात दुपारी तीन वाजता बघावा. या शहराने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश सेल्सिअस पाहिले आहे. वयानुसार तहानेची जाणीव कमी होते आणि घाम कमी येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी आणखी लवकर कमी होते. कवेलूचे छत आणि जाड भिंतींचे जुने घर उशिरा तापते. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर उष्णता खाली सोडतो. जुन्या ले-आउटमध्ये कडुनिंबाची सावली असते, तर नव्यात झाडे अजून कमरेएवढी असतात. कूलर दोन्हीकडे लागतो आणि त्यात रोज पाणी भरावे लागते. सत्तरीच्या माणसाने स्टुलावर चढून बादली ओतणे म्हणजे पडायला आमंत्रण. कूलर पाइपने भरता येईल अशी सोय हवी आणि डेंग्यूचे डास होऊ नयेत म्हणून टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करता यायला हवी.

उन्हाने माणसे का मरतात, याचा धडा शिकागो शहराने १९९५ साली दिला. त्या जुलैमध्ये उष्णतेच्या लाटेत तिथे सातशेहून अधिक बळी गेले. त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण मोठे होते. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी शेजारशेजारच्या दोन वस्त्या तपासल्या. दोन्हींत गरिबी होती आणि एकटे राहणारे वृद्धही होते, तरी नॉर्थ लॉनडेलमध्ये मृत्यूचे प्रमाण साउथ लॉनडेलच्या सुमारे दहापट होते. पहिल्या वस्तीत दुकाने बंद पडली होती, प्लॉट ओस होते आणि म्हातारी माणसे भीतीने दार लावून बसत होती. दुसरीत रस्त्यावर वर्दळ होती, चालत जाता येतील अशी दुकाने होती, त्यामुळे वृद्ध घराबाहेर पडत होते आणि लोकांना दिसत होते. आपल्याकडे असा ओसाडपणा निम्म्या रिकाम्या नव्या ले-आउटमध्ये सापडतो, तसाच कुलूपबंद बंगल्यांच्या जुन्या गल्लीतही सापडतो.

दोघांपैकी एक

घर बघायला नवरा-बायको मिळून जातात आणि दोघांच्या सोयीचा विचार करतात. पण पुढे कधीतरी त्या घरात दोघांपैकी एकालाच राहावे लागणार असते. हा विषय काढायला जड जातो, तरी याच एका प्रश्नाने निवड सर्वांत सोपी होते.

आपल्याकडे बहुतेक जोडप्यांत नवरा वयाने मोठा असतो आणि स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त आहे. त्यामुळे मागे राहणारी बहुधा बायको असते. या पिढीतल्या कितीतरी बायकांनी गाडी कधी चालवलेली नाही. बाजार, बँक, दवाखाना सगळे नवऱ्याच्या स्कूटरच्या मागे बसून झालेले असते. आउटर रिंग रोडकडच्या फ्लॅटमध्ये तो असेपर्यंत काही अडत नाही. तो गेल्यावर, किंवा मोतीबिंदूमुळे त्याने रात्री गाडी चालवणे सोडल्यावर, साध्या रक्ताच्या तपासणीसाठीही ऑटो आणि सोबत शोधावी लागते. हळूहळू मंदिर, भिशी, भजनी मंडळ सुटते. बाहेर जाणे कमी झाले की चालणे कमी होते, पाय आणखी अशक्त होतात आणि पडण्याचा धोका वाढतो. उलटही घडते. बायको आधी गेली तर स्वयंपाकाची सवय नसलेल्या नवऱ्याचे जेवण बिघडते आणि मधुमेहाची साखर वर-खाली होऊ लागते. त्याला डबा देणारे घर चालत जाण्याच्या अंतरावर असणे औषधाइतकेच कामाचे असते.

एकटेपणा हा मनापुरता राहत नाही. २०१० साली १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्र विश्लेषण झाले. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली.

म्हणून दोन्ही पत्त्यांवर एकेक दिवस बायकोने एकटीने काढून पाहावा. भाजी, औषधे, बँक, बाग आणि एखादे ओळखीचे घर पंधरा मिनिटांच्या चालीत, रस्ता न ओलांडता किंवा सुरक्षितपणे ओलांडून, गाठता येते का? मोकाट कुत्री किती आहेत? फूटपाथ आहे की गाड्यांनी भरलेला आहे? मेट्रोचे स्टेशन जवळ असेल तर लिफ्टने वर जाऊन बर्डीपर्यंत जाता येते. ही सोय शंकरनगर चौकाला आहे, तशीच वर्धा रोडवर उज्ज्वलनगरलाही आहे.

साडेचार तासांचा हिशेब

तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात लुळा पडला, बोलणे अडखळले तर तो पक्षाघात असू शकतो. मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅन करूनच. हृदयविकाराच्या झटक्यातही जितका उशीर तितके हृदयाचे नुकसान जास्त. या बाबतीत जुने शहर पुढे आणि नवे मागे असे सरसकट म्हणता येत नाही. मेडिकल आणि मेयो जुन्या शहरात आहेत, तर मिहानमधल्या एम्समुळे दक्षिणेकडच्या वस्त्यांनाही मोठे सरकारी रुग्णालय जवळ आले आहे. विचारायचे ते असे: रात्री दोन वाजता १०८ची रुग्णवाहिका फाटकापर्यंत येईल का? स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावते का, की माणसाला खुर्चीत बसवून उतरवावे लागेल? आणि मुख्य म्हणजे लक्षणे दिसताच फोन करणारे कुणी आहे का? एकटा माणूस सकाळी मोलकरीण आल्यावर सापडला, तर साडेचार तास केव्हाच उलटून गेलेले असतात.

पावसाळाही लक्षात घ्यावा. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या जुन्या, प्रतिष्ठित वस्त्यांत तळमजल्यावर पाणी शिरले. गुडघ्यांसाठी तळमजला चांगला, पण नदी-नाल्याकाठी तोच अडचणीचा. नव्या ले-आउटमध्येही नाला कुठून जातो आणि रिकाम्या प्लॉटमध्ये पाणी साचते का, हे जुलैमध्ये जाऊन बघावे.

तिसरा मार्ग

जुने घर आणि दूरचा नवा फ्लॅट यांच्यामध्ये एक वाट असते आणि ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही: वस्ती तीच ठेवून घर बदलणे. धरमपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगर या भागांत जुन्या बंगल्यांच्या जागी लिफ्टच्या इमारती उभ्या राहत आहेत. दूरच्या तीन खोल्यांच्या पैशांत इथे दोनच मिळतील. पण दूधवाला, डॉक्टर आणि मैत्रिणी त्याच राहतील. ज्यांची मुलगी किंवा मुलगा नव्या वस्तीत राहतो त्यांच्यासाठी मात्र तिकडे जाणे अधिक शहाणपणाचे ठरू शकते, कारण दहा मिनिटांवरचे आपले माणूस कोणत्याही सोयीपेक्षा मोठे.

जायचेच असेल तर लवकर जावे. साठी-पासष्टीत नव्या जागी ओळखी होतात, रस्ते अंगवळणी पडतात. विसरभोळेपणा सुरू झाल्यावर घर बदलले तर माणूस रात्री संडासाची दिशा चुकतो, गोंधळतो, पडतो. अशा रुग्णाला हलवणे टळत नसेल तर पलंग, घड्याळ, देवघर, फोटो जुन्याच मांडणीने लावावेत आणि पहिले काही आठवडे रात्री कुणीतरी सोबत राहावे.

जुने घर विकण्याआधी नव्या वस्तीत भाड्याने राहून एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढता आला तर उत्तम. घर मुलांच्या नावे करण्याचा आग्रह होत असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा. पालकांचा सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिली आणि ती पाळली गेली नाही, तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करण्याची मागणी करता येते. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतचे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचारांचे कवच मिळते. या योजनेतले रुग्णालय दोन्हींपैकी कोणत्या पत्त्याला जवळ आहे, तेही पाहून ठेवावे.

येत्या दिवाळीत हा विषय निघाला तर भावाच्या आधी आईला विचारावे: उद्या तू एकटी असलीस तर या घरात आठवडा कसा काढशील? तिचे उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे. बाकीचा हिशेब त्यानंतर करता येतो.